थोरलीचा आवाज

काका-काकूंना मुलगी एकच, पण घरात तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली म्हणजे गाडी. ती धाकटीच्या दोन वर्षं आधी घरात आली, तीही पहिल्या मालकानं वैतागून विकलेली, आणि आता तर तिच्या वयाच्या गाड्या भंगारातसुद्धा शोधाव्या लागत. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसं काकांनी तिला तीस-बत्तीस वर्षं स्वतःच्या हातांनी चालती ठेवली होती. तिच्या इंजिनाच्या सांध्यांत बसणारी गॅस्किटं ते घरी कॉर्क कापून बनवत. एकदा दरवाजाची मूठ कुठंच मिळेना, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाची काढून बसवली. ते कपाट काकू अजून बोटाच्या नखानं उघडतात.

काका टेलिफोन खात्यात तारा दुरुस्त करायचे. नुसती खरखर ऐकून बिघाड खांबावर आहे की घरात, हे ते जागेवरून सांगत, म्हणून गल्लीत त्यांचं नाव पडलं कानसेन. ते निवृत्त झाल्यावर लोक आपापल्या गाड्या त्यांच्या दारात आणून उभ्या करू लागले. काका बॉनेट उघडत, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवत, मूठ कानाला लावत, डोळे मिटत आणि म्हणत, "वॉटर पंप. महिनाभर चालेल." महिनाभरानं पंप जायचा. तेलाचा तो लाल दिवा असतो ना गाडीत, तो त्यांनी थोरलीचा कधीच काढून टाकला होता. दिवे खोटं बोलतात, आवाज बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

दर रविवारी सकाळी थोरलीची तपासणी व्हायची. काका बाहेर, काकू आत स्टिअरिंगपाशी. काकूंना गाडी चालवता येत नव्हती, पण त्यांच्या उजव्या पायाला येत होती. "रेस दे... सोड... परत दे," असं बाहेरून आलं की तो पाय आपलं काम करायचा आणि बाकीच्या काकू पेपर वाचत बसायच्या. इतकी वर्षं आत बसून त्यांचा कानही तयार झाला होता. काकांनीच शिकवलं होतं: टॅपेट वरून वाजतो, बेअरिंग खालून. वरचं वाजलं तर चहा प्यायचा. खालचं वाजलं तर गाडी बंद करायची आणि उघडल्याशिवाय पुन्हा चालू करायची नाही.

मग एका सकाळी काका किटलीसमोर बसून पेपर वाचत होते आणि किटली शिट्टी मारमारून कोरडी पडली, तिचा तळ जळाला. काकू अंगणातून धावत आल्या. काकांनी मान वर केली आणि विचारलं, "काय जळतंय गं?"

त्या दिवसापासून काकूंचं त्यांच्याकडे लक्ष राहू लागलं. टीव्हीचा आवाज वाढत होता, टीव्हीचा स्पीकर बिघडलाय असं काका म्हणत होते. दाराची बेल बिघडली होती. फोनवर धाकटी पुटपुटायला लागली होती. घरातल्या एकेक वस्तूवर आणि माणसावर आळ येत होता.

आणि मग तो रविवार आला. काकू आत बसून रेस देत होत्या. थोरलीचे टॅपेट डब्यात खिळे खुळखुळवावेत तसे वाजत होते. काका बाहेर उभे होते, हातातला स्क्रूड्रायव्हर खाली केलेला. त्यांनी खिडकीशी येऊन काकूंच्या तोंडाकडे पाहिलं.

"शांत आहे ना गं?"

"हो," काकू म्हणाल्या. "शांत आहे."

आता शहाणे लोक म्हणतील, खरं ते सांगून मोकळं व्हायचं. शहाण्यांना लग्न करून चाळीस वर्षं झालेली नसतात. शिवाय काकूंनी सासऱ्यांचे कान जाताना पाहिले होते. घरच्यांनी आधी थट्टा केली, मग सगळे ओरडून बोलायला लागले, मग कंटाळून बोलेनासे झाले. पाहुण्यांदेखत कुणीतरी बागेतल्या गुलाबाचं विचारलं आणि म्हाताऱ्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "कालपासून थांबलेत, औषध घेतलं." घर हसून हसून लोळलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते काका. त्या दिवशी सासऱ्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली, ती पुढची तीन वर्षं परत घराकडे वळली नाही. काकूंना ती पाठ अजून दिसायची. नवऱ्याची तशी पाठ त्यांना बघायची नव्हती. खोटं बोलल्या त्या एवढ्यासाठी.

लोकांच्या जिभेला मात्र हाड नसतं. समोरचे केमिस्ट आपली गाडी घेऊन आले, इंजिनाचा पट्टा किंचाळतोय म्हणाले. काकांनी बराच वेळ ऐकलं आणि निकाल दिला, "काही नाही, ठीक आहे." तिसऱ्या दिवशी पट्टा भर चौकात तुटला. केमिस्टनी काकूंना दुकानात गाठून हळूच विचारलं, "काकांना हल्ली कमी ऐकू येतं का हो?"

"तुम्हीच ताणून चालवत असाल," काकू फाडकन म्हणाल्या आणि औषधं न घेताच घरी आल्या.

त्यानंतर काकांनी लोकांच्या गाड्या बघणं बंद केलं. "कंटाळा आलाय," म्हणायचे. स्क्रूड्रायव्हर कपाटात ठेवून दिला. थोरलीचा रविवार मात्र त्यांनी सोडला नाही. उलट आता अधूनमधून मंगळवारी, गुरुवारीही बोलवायचे. ये जरा, बस आत, रेस दे. आणि शेवटी खिडकीशी येऊन तोच प्रश्न. काकूंना वाटायचं, म्हाताऱ्याला शाबासकी हवीय. लहान मूल चित्र काढून दाखवतं ना, तसं. त्या दर वेळी शाबासकी द्यायच्या.

पाऊस संपून हवा कोरडी झाली त्या सुमारास काकूंना तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. खालून. रेस सोडताना, जड, दबका. कुणी तळघरातून दार ठोकावं तसा, ठक, ठक, ठक. पाय त्यांनी आपोआप उचलला.

"का सोडलीस?" काकांनी विचारलं. "शांत आहे ना?"

"पायाला मुंग्या आल्या," काकू म्हणाल्या. आणि मग, "हो. शांत आहे."

पुढचे दोन महिने त्या या ठोक्यासोबत राहिल्या. सांगायचं तर तो आवाज मला येतो आणि तुम्हाला येत नाही, हेच सांगायचं. दुसरा रस्ता त्यांना सापडेना. तेल बदलू या का, म्हणून पाहिलं. काकांनी तेल बदललं. ठोका तसाच. शेवटी एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अहो, एकदा मिस्त्रीला दाखवू या का थोरली?"

काका थांबले. चष्मा काढून त्यांनी काकूंकडे नीट पाहिलं. "का? तुला काही ऐकू आलं का?"

सरळ प्रश्न होता. इतका सरळ प्रश्न त्यांनी वर्षभरात विचारला नव्हता. काकूंच्या जिभेवर 'हो' आलंही होतं. पण समोर तो चेहरा होता, वाट बघणारा, आणि त्यांच्या मनात खुर्ची खिडकीकडे वळली.

"नाही हो, सहज म्हटलं."

"मग ठीक," काका म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

धाकटीनं नवं घर घेतलं तेव्हा काकांनी जाहीर केलं, की जायचं ते थोरलीनंच. चार तासांचा रस्ता, मध्ये एक मोठा चढ. काकूंनी बसचं नाव काढून पाहिलं. "थोरलीनं धाकटीचं घर बघायला नको?" काकांनी विचारलं. काकूंनी मनाशी हिशेब मांडला: कशीबशी पोहोचू दे, मग धाकटीच्या कानावर घालू, ती डॉक्टरकडे नेईल, ती सांगेल. पोरीचं ऐकतात ते. जे आपल्याला जमलं नाही ते त्यांनी पोरीच्या गळ्यात घालायचं ठरवलं, आणि तेवढ्यानंच त्यांना आदल्या दिवशी थोडं बरं वाटलं.

सपाट रस्त्यावर ठोका इंजिनाच्या घरघरीत बुडून जात होता. चढ जवळ आला तसा तो वर आला. काकूंनी पर्स घट्ट धरली. "चहा घेऊ या?" त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि काकांनी गाडी एका टपरीपाशी घेतली.

काका खुशीत होते. कप हातात घेऊन ते रस्त्याकडेच्या थोरलीकडे बघत राहिले. धुऊन पुसून ती अशी काही चमकत होती, की दोन ट्रकवाले थांबून बघून गेले. "वडील म्हणायचे, कशाला पैसे घालतोस या खटाऱ्यात," काका म्हणाले. "आज बघायला हवे होते." मग त्यांनी काकूंकडे मान वळवली. "इतकी शांत ती कधीच चालली नव्हती. नाही का गं?"

इथं सांगायला हवं होतं. इंजिन बंद होतं, गाडी धड होती, एक फोन केला असता तर कुणीतरी ओढून नेली असती. काकूंना हे सगळं त्याच क्षणी कळत होतं. त्यांनी मान डोलावली.

चढाच्या मध्यावर ठोक्याचा घण झाला. काकूंनी "अहो!" म्हणून हाक मारली, ती काकांना ऐकू आली नाही. मग बॉनेटखाली काहीतरी फुटलं, गाडीला गचका बसला, मागे रस्त्यावर तेलाचा काळा पट्टा पसरला आणि थोरली थांबली. काकांनी हँडब्रेक ओढला. चावी फिरवली. पुन्हा फिरवली. मग चावीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

ओढून आणली त्या गॅरेजचा मालक गाडीखाली बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा चिंधीला हात पुसत त्यानं आधी काकूंकडे पाहिलं, कारण काका गाडीच्या छतावर हात ठेवून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

"कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या ब्लॉकच्या बाहेर आलाय," तो म्हणाला. "मूठ जाईल एवढं भोक आहे. हा ब्लॉक आता कुठंच मिळायचा नाही. संपली गाडी."

"काय म्हणतो तो?" काकांनी विचारलं.

काकूंनी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. अर्धं सांगितलं. 'संपली' हा शब्द त्यांना ओरडून म्हणता येईना.

"ही आज नाही गेली," गॅरेजवाला बोलतच होता. "बेअरिंग दोन-दोन महिने ठोकत असणार. तेव्हाच उघडली असती तर नवं बेअरिंग टाकून भागलं असतं, अर्ध्या दिवसाचं काम. एवढा मोठा आवाज, तुम्हाला कुणाला ऐकू कसा नाही आला?"

हे तो मोठ्यानं बोलला आणि यातलं 'आवाज' तेवढं काकांपर्यंत पोहोचलं. ते ताठ झाले.

"आवाज नव्हता," ते म्हणाले. "एवढासुद्धा नव्हता. हिला विचारा. ही दर रविवारी आत बसलेली असते. सांग गं त्याला."

"होता," काकू म्हणाल्या.

"बघा!" काका गॅरेजवाल्याला म्हणाले. "सांगितलं ना तिनं?"

गॅरेजवाल्यानं मान खाली घातली. तिकडे कोपऱ्यात टायर ठोकणारा माणूस ठोकायचा थांबला. काकू काकांच्या अगदी समोर गेल्या, त्यांच्या दोन्ही दंडांना धरलं आणि तोंड कानाजवळ नेलं.

"होता! आवाज होता! मला ऐकू येत होता!"

काका त्यांच्याकडे बघत राहिले. कळायला थोडा वेळ लागला. राग येईल म्हणून काकू तयार होत्या, राग आला असता तर बरंच झालं असतं. पण काका नुसते गोंधळलेले दिसत होते, रस्ता चुकलेल्या माणसासारखे.

"पण मी तुला विचारत होतो ना गं," ते म्हणाले. आपला आवाज किती मोठा झालाय हे त्यांना समजत नव्हतं, सगळ्या गॅरेजला ऐकू जात होतं. "माझे कान गेले हे मला काय ठाऊक नव्हतं? केमिस्टचा पट्टा मला ऐकू आला नाही तेव्हाच कळलं. लोकांच्या गाड्या सोडल्या त्या कशासाठी? थोरली तेवढी ठेवली, कारण तू आत होतीस. तुझ्या कानावर चालवत होतो मी ती. म्हणून तर दर वेळी विचारायचो."

काकूंना शाबासकी आठवली, दर वेळची, इतक्या मायेनं दिलेली. त्यांना खूप काही सांगायचं होतं. सासऱ्यांचं, खुर्चीचं, आपण घाबरलो त्याचं. पण ते सगळं हळू आवाजात सांगायचं होतं, आणि हळू आवाजातलं आता या माणसापर्यंत पोहोचत नव्हतं. माफी मागायची तर तीसुद्धा चार परक्या माणसांसमोर ओरडूनच मागावी लागणार होती.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

काकांनी कानामागे हात धरला आणि ते पुढे झुकले. "काय म्हणालीस?"

काकूंनी श्वास घेतला आणि त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी मोठ्यानं.