शेवटचा फर्मा

बाइंडरने सुरीचं टोक शेवटच्या फर्म्याच्या दोऱ्याखाली सरकवलं आणि वरच्या खोलीकडे कान दिला. पाऊल वाजलं नाही. त्याने दोरा कापला. सोळा पानांचा तो जुडगा अलगद सुटून हातात आला. न वाचताच त्याने तो खणात, आधीच्या तीन पुस्तकांच्या शेवटांवर ठेवला.

लेकीने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. दवाखान्यातून घरी आल्यावर कितीतरी दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि पहिल्यांदा काही मागितलं तर काय, तर या जुन्या नावाजलेल्या कादंबऱ्या. वाचनालयाची पुस्तकं बाइंडरकडेच शिवायला येत. तिथल्या बाईंनी यादी पाहून हळूच सांगितलं, "अहो, यातल्या नायिका सगळ्या शेवटी मरतात." आईने कपाळावर हात मारला. जगातली हसवणारी पुस्तकं काय संपली होती? पण नाही म्हणायची दोघांची छाती झाली नाही. मग बाइंडरला जे येत होतं, ते त्याने केलं.

काम मात्र जीव ओतून केलं. मागचा पुठ्ठा पुन्हा असा बसवला की सांधा दिसू नये. पुस्तकं वर जात होती, लेक वाचत होती, चकार शब्द काढत नव्हती.

जिना वाजला. त्याने घाईघाईने खण लोटला. लेक दारात उभी होती, हातात पहिलं पुस्तक. दवाखान्यातून आल्यापासून ती दुकानात उतरलीच नव्हती. तिची नजर टेबलावर गेली. सुरी उघडीच पडली होती.

"चहा हवाय का? आईला सांगतो," तो म्हणाला.

"नको."

ती पुढे आली आणि तिने सुरी उचलली. हात पुढे करावा तर ती बिथरेल, न करावा तर... तो जागच्या जागी गोठला. तिने पुस्तक उलटं ठेवलं, मागच्या पुठ्ठ्याखाली सुरी घातली आणि लहानपणी त्यानेच शिकवल्याप्रमाणे, हलक्या मनगटाने पुठ्ठा सोडवला. मग सुरी त्याच्या बाजूला, मूठ त्याच्याकडे करून ठेवली.

"बाबा, शेवटचा फर्मा कुठंय?"

"कसला फर्मा?"

"पुस्तक 'ती दाराशी आली, पण' इथं संपतं. पण काय?"

बाइंडरने जन्मभर पुस्तकं शिवली, वाचलं एकही नाही. फर्मा संपतो तिथे वाक्यही संपतं, असंच तो धरून चालला होता.

"ती मरते," तो कसाबसा म्हणाला. "मला तुला ते वाचू द्यायचं नव्हतं."

"माहितीय मला. कॉलेजात सगळ्या वाचल्यात."

"मग पुन्हा कशाला गं, बाळा?"

तिने सुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळला.

"ती गेल्यावरही थोडी पानं असतात. तेव्हा मी ती भराभर उलटली होती. मागे राहिलेल्यांचं काय होतं, ते मला बघायचं होतं."

त्याने खण उघडला. सगळ्यात खालचा फर्मा काढून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही.

"तुम्ही वाचा."

चष्मा लावून तो अडखळत वाचू लागला. ती दाराशी आली, गेली, मेली. एका पानात आटोपलं. पुढे तिचा बाप होता. तो रोज संध्याकाळी तिच्या खोलीची खिडकी लावायचा आणि सकाळी उघडायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, तिला उजेड लागतो. बाइंडरने फर्मा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच तिच्यासमोर रडला.

लेकीने तो फर्मा उचलला आणि उरलेलं स्वतः वाचलं, मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत. मग स्टूल ओढून बसली, सुईत दोरा ओवला, दोऱ्यावरून मेण फिरवलं.

"धरा सरळ," ती म्हणाली. "हलतंय."

त्याने पुस्तक घट्ट धरलं. ती शिवत राहिली, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. मग खणातल्या बाकीच्या फर्म्यांकडे पाहून म्हणाली,

"आज एवढंच. ही उद्या शिवू."

"उद्या," बाइंडर म्हणाला, आणि खण उघडाच ठेवला.