वाहिनी उघडत नाही

घरात मला ठिणगी म्हणतात. राग नाकावर आणि धीर औषधालाही नाही. अशा बाईने पेशींची दारं उघडतात कशी आणि मिटतात कशी हे बघत बसायची नोकरी धरली, ही नशिबाची थट्टाच. या कामात धीराशिवाय दुसरं काही लागतच नाही. काचेची नळी तापवून ओढायची, तिचं टोक केसाहून बारीक करायचं, ते भिंगाखाली एका पेशीला अलगद टेकवायचं आणि तोंडाने हलकंसं ओढून घ्यायचं. पेशी चिकटली, की तिच्यातून जाणारी वीज पडद्यावर रेघ होऊन दिसते. नाही चिकटली, तर नळी फेका आणि दुसरी घ्या. मी फेकतेही जरा जोरातच.

ही दारं म्हणजे आयन वाहिन्या, क्षारांचे वीजभारित कण आत-बाहेर करतात त्या वाटा. वाहिनी म्हटलं की लोकांना टीव्ही आठवतो. आमच्या दादाला बायको आठवते. "काय गं, आज किती वहिन्या उघडल्यास?" हा त्याचा ठरलेला विनोद, आणि त्यावर हसणाराही तो एकटाच.

वहिनी शाळेची बस चालवते. म्हणजे चालवायची. एके दिवशी डेपोत आगीची घंटा अचानक ठणाणा वाजली आणि बसमधून नुकतीच उतरलेली वहिनी जागच्या जागी कोसळली. शुद्ध लगेच आली. "काही नाही, जरा चक्कर," म्हणत तिने तो दिवस काढला, पण दुसऱ्या दिवशी दादाने बळजबरीने डॉक्टरांकडे नेलं. हृदयाच्या आलेखातला एक भाग किंचित लांबलेला निघाला. पुढच्या तपासणीत एका जनुकात एका अक्षराचा फरक सापडला. हे जनुक हृदयातली पोटॅशियमची वाहिनी घडवतं. चार सारखे तुकडे गोलाकार उभे राहतात आणि मधल्या वाटेने पोटॅशियम जातं. सोडियम त्याच्याहून लहान असूनही त्याला तिथून प्रवेश नाही, इतकी ती वाट काटेकोर. ठोका पडला की ही वाहिनी आतलं पोटॅशियम बाहेर सोडते आणि पेशी शांत होऊन पुढच्या ठोक्याला तयार होते. वाहिनी नीट उघडली नाही, तर ठोका रेंगाळतो आणि अशात माणूस दचकला की कोसळू शकतो.

वहिनीचा फरक साधा की घातक, ते डॉक्टरांना सांगता येईना. "वाहिनी बिघडलेली निघाली, तर बस विसरा," असं ते स्पष्टच म्हणाले. वहिनी रोज पहाटे जुन्याच वेळेला उठून, बूट घालून, जिन्याच्या पायरीवर बसायला लागली. शाळेची वेळ टळली की बूट काढून आत यायची. मला ते बघवायचं नाही. तिच्यावर माझा जीव आहे, भांडणंही सगळी तिच्याशीच.

तो फरक आमच्याच प्रयोगशाळेत तपासायला आला. मी आमच्या प्रमुख मॅडमच्या मागे लागले, हे काम मीच करणार. "घरचं माणूस आहे," मॅडम म्हणाल्या, "तुझे डोळे आधीच काहीतरी ठरवून बसतील." शेवटी त्यांनी अट घातली. एका डबीत वहिनीच्या जनुकाची नक्कल घातलेल्या पेशी, दुसरीत सर्वसाधारण जनुकाच्या. एकीवर लाल टिकली, एकीवर निळी. कुठली कुणाची ते फक्त त्यांना ठाऊक, आणि माझ्यानंतर सगळं त्या पुन्हा मोजणार.

सकाळी मी पेशींना लागणारं खारं पाणी बनवलं आणि दोन्ही डब्यांत ओतलं. लाल डबी आधी घेतली. लाल म्हणजे धोका, धोका म्हणजे वहिनी, हे मी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. पेशी मस्त चिकटली. वीज दिली. रेघ सपाट. दुसरी पेशी, तिसरी, तीच गत. निळी डबी न तपासताच मी बाहेर येऊन दादाला फोन लावला.

"दादा, वाहिनी उघडत नाही रे," मला रडूच फुटलं.

"काय? दार उघडत नाही?"

"अजिबात नाही. सकाळपासून बघतेय. काही हालचालच नाही."

फोन कट. मला वाटलं, बिचारा रडत असेल.

थोड्या वेळाने वहिनीचा फोन आला. आवाज असा चढलेला, की बसमधली पोरं असती तर चिडीचूप झाली असती. "ठिणगे, मी न्हाणीघरात होते! तुझ्या भावाने शेजाऱ्याला आणून कडी तोडली! डोळ्यांत साबण घेऊन मी आतून ओरडतेय, आणि हे बाहेरून म्हणतायत, बोलू नकोस, दमशील!"

"अगं, वहिनी नाही, वाहिनी म्हटलं होतं मी."

ती हळूच म्हणाली, "माझी वाहिनी?"

नको ते बोलून बसले होते. तेवढ्यात मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "कुठल्या डबीबद्दल बोलतेयस?"

"लाल."

"लाल डबी सर्वसाधारण जनुकाची आहे. तिच्यातली वाहिनी उघडायलाच हवी."

फोन तसाच हातात धरून मी आत धावले. फळीवर पोटॅशियमच्या क्षाराची नवी बरणी होती. तिचं सील तसंच्या तसं. सोडियम घातलं, साखर घातली, आणि घाईत पोटॅशियम घालायलाच विसरले! या वाहिनीची तऱ्हाच न्यारी. आतलं पोटॅशियम बाहेर सोडणं हेच तिचं काम, पण बाहेर आधीच थोडं पोटॅशियम नसेल, तर ती कामच करेनाशी होते. मी कपाळावर हात मारला आणि फोनवर सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे धडधाकट वाहिनीही मान टाकते?" वहिनीने विचारलं.

"टाकते ना."

"आणि माणसाच्या अंगातलं पोटॅशियम कमी कशाने होतं?"

"उलट्या, जुलाब, असल्याने."

पलीकडे तिने नळ बंद केल्याचं ऐकू आलं. "मी पडले त्याच्या आदल्या दिवसापासून माझं पोट बिघडलं होतं गं. पाणीसुद्धा टिकत नव्हतं. बदली ड्रायव्हर नव्हता, म्हणून कुणाला बोलले नाही."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"ते हृदयाचं विचारत होते. त्यांना पोटाचं कोण सांगतंय?"

मला हसू आवरेना आणि रडूही.

नवं पाणी बनवलं, या वेळी मॅडमच्या देखत. नव्या डब्या, पुन्हा लाल आणि निळी, पण कुठली कुणाची ते बदललेलं. दोन्हींची रेघ सारखीच चढली आणि सारखीच उतरली. त्यातली वहिनी कुठली, ते मला सांगताच येईना. एखादी गोष्ट न कळल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मग मॅडमनीही सगळं मोजलं, डॉक्टरांनी नवा आलेख काढला, तो नीट निघाला. पोटाची हकीगत ऐकून डॉक्टरांनी वहिनीला चांगलं फैलावर घेतलं, पोट बिघडलं तर बसला हात लावायचा नाही असं बजावलं, आणि मग कागदावर सही केली.

बस पुन्हा सुरू झाली त्या दिवशी दादा आणि मी कोपऱ्यावर जाऊन उभे राहिलो. पोरांची गर्दी होती. बस आली, थांबली. दार मात्र बंदच. काचेआड वहिनी समोर बघत बसलेली, चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. दादाचा चेहरा पार उतरला. "अगं, वहिनी उघडत नाही," तो माझा दंड धरून म्हणाला.

तेव्हा दार फुस्स करून उघडलं. वहिनी आमच्याकडे वळली आणि पोट धरून हसायला लागली.

"उघडली," ती म्हणाली. "चला बाजूला व्हा, पोरांना चढू द्या."