आवाज येतोय का?

"काका, जरा सरकता का?" टेबलाखाली वाकलेल्या मेकॅनिकने पुन्हा विचारलं. मास्तर ढिम्म. काकूंनी समोर येऊन, ओठ नीट हलवत, "थोडं सरका," म्हटलं तेव्हा कुठे त्यांनी खुर्ची मागे घेतली.

निवृत्त झाल्यापासून मास्तर अंधशाळेच्या मुलांसाठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करत. सकाळचा चहा झाला की दार लोटून या म्हाताऱ्या कॉम्प्युटरसमोर बसत. पण मध्यंतरी शाळेतून काकूंना फोन आला. "आजोबा हल्ली फार ओरडून वाचतात हो. मुलं दचकतात." काकूंनी मास्तरांना सांगितलं, मुलांना आवाज फार मोठा येतोय, कॉम्प्युटरच बिघडलाय. पुढे एक दिवस स्पीकर खरोखरच मुके झाले, तेव्हा काकूंना चक्क हायसं वाटलं. कदाचित सगळा दोष यंत्राचाच असेल.

"हे बघा," मेकॅनिकने पडद्यावर बोट ठेवलं. साउंड कार्डच्या नावाशी पिवळं उद्गारचिन्ह होतं. "कार्ड धडधाकट आहे. ते चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, बिघडलाय. म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटरचं बोलणंच बंद."

काकूंनी ते मास्तरांना समजावून सांगितलं.

"अबोला धरलाय म्हणा की!" मास्तर खुशीत हसले. "आमचा तर जेवणापर्यंतही टिकत नाही."

नवा ड्रायव्हर काही केल्या चालेना. मेकॅनिकने तो काढून टाकला आणि पेनड्राइव्ह धुंडाळून या कार्डाच्या वयाला शोभेल असा जुना ड्रायव्हर घातला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. उद्गारचिन्ह गेलं.

"लावा काका काहीतरी," त्याने पडद्याकडे खूण करत म्हटलं.

मास्तरांनी फार पूर्वी वाचलेली एक गोष्ट लावली, आणि खोली त्यांच्या आवाजाने भरून गेली. मऊ, खेळकर, प्रत्येक शब्द मुलाच्या तळहातावर अलगद ठेवावा तसा. काकू हा आवाज विसरूनच गेल्या होत्या.

"छे!" मास्तर म्हणाले. "ठणठणाट." त्यांनी स्पीकरचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. खिडकीची काच थरथरली. मेकॅनिकचे हात कानांवर गेले.

मास्तरांनी ते हात पाहिले. मग काकूंकडे पाहिलं.

"येतोय?"

नाही म्हणायला काकूंनी तोंड उघडलं, पण जीभ रेटेना. त्यांनी नुसती मान डोलावली.

मेकॅनिकने आवाज हळूच कमी केला. "बंद करू?" त्याने हाताने खुणावत विचारलं.

"राहू दे," मास्तर केवढ्यांदा तरी म्हणाले. खुर्चीचे हात घट्ट धरून ते बसले होते. "तुला ठाऊक होतं?"

काकूंनी पुन्हा मान डोलावली.

"आणि मी त्या लेकरांवर ओरडत होतो..."

मेकॅनिकने सामान आवरलं आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. गोष्ट चालूच होती. मास्तरांनी विचारलं, "कुठवर आलंय?"

काकू त्यांच्यासमोर येऊन बसल्या. "हत्ती शिंकतो तिथे."

"नीट शिंकलोय का?"

काकूंना हसू फुटलं. गालांवरून पाणी वाहत होतं, तरी थांबेना. मास्तरांनी खुर्ची वळवली, कॉम्प्युटरकडे पाठ केली आणि ते काकूंच्या चेहऱ्याकडे बघत बसले. त्या हसल्या की क्षणभर मागून तेही हसत होते.