सहा पाट्या वरच्या, सहा खालच्या

चाकणजवळच्या एका गावात पंचावन्न साली शाळेची नवी खोली श्रमदानातून उभी राहत होती. वरच्या आणि खालच्या आळीनं चुना-वाळू कोरडीच कालवून आपापला ढीग करून ठेवला होता. गवंडी दौलतरावांनी दोन्ही ढीग पाहिले आणि कपाळाला हात लावला. एक पाटी चुन्याला वरच्यांनी दोनच पाट्या वाळू घातली होती, खालच्यांनी पाच. दौलतरावांना हवी होती तीन.

खालच्यांचा ढीग फेकून द्या, असं वरची आळी म्हणू लागली. भामा नदीच्या पात्रातून वाळू वाहून आणलेल्या खालच्या आळीच्या दत्तोबांना ते लागलं. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि आपल्या माणसांना घरी चलायला सांगितलं.

शाळेच्या सावित्रीबाई तिथंच होत्या. वरच्या वर्गाला बीजगणित त्याच शिकवत. असली उदाहरणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. दत्तोबांना थांबवून त्यांनी काटकीनं मातीवरच मांडणी केली. वरच्या ढिगातल्या पाट्या क्ष, खालच्या य. एका वेळी माल कालवायचा बारा पाट्यांचा, म्हणून क्ष अधिक य बरोबर बारा. त्यात चुना हवा चौथा हिस्सा, म्हणजे तीन पाट्या. क्षचा तिसरा हिस्सा चुना, यचा सहावा. दोन्ही मिळून तीन. सहानं गुणलं की दोन क्ष अधिक य बरोबर अठरा. त्यातून पहिलं समीकरण वजा केलं. क्ष उरला सहा, म्हणून यही सहा.

"दोन्हीकडून सहा-सहा घ्या," त्या म्हणाल्या.

दौलतरावांनी मान हलवली. "बाई, दोन अन् पाचाचं निम्मं साडेतीन हुतं. माल कच्चा ऱ्हाईल."

वर्गातही दरसाल कुणीतरी हेच म्हणे. बाईंनी शांतपणे विचारलं, "वरच्या सहा पाट्यांत चुना किती?"

"दोन."

"खालच्या सहांत?"

"एक."

वाळू दौलतरावांनी स्वतःच बोटांवर मोजली. चार आणि पाच, नऊ. तीन पाट्या चुन्याला नऊ वाळू.

"दत्तोबा, माणसं बोलवा माघारी," ते म्हणाले. "तुमच्याबिगर जमायचं न्हाई."

दुपारपर्यंत भिंत खिडकीच्या उंचीला आली. मग दौलतराव पुन्हा बाईंकडे आले. गिलाव्याला एकास चार लागेल, त्याचं कसं करायचं, असं त्यांनी विचारलं. दहा पाट्यांचं तुम्हीच मांडून बघा, असं बाईंनी सांगितलं. दौलतराव उकिडवे बसले. एकदा चुकले, पायानं पुसलं, पुन्हा मांडलं. बाई जवळ उभ्या राहून बघत होत्या. अखेर उत्तर आलं, दोन आणि आठ.

"आठ आमच्या," दत्तोबा वाकून बघत म्हणाले, आणि पाट्या आणायला निघाले.