तो गोड आवाज मीच आत सोडला

मला कोणी श्रवणयंत्र म्हणतं, कोणी कानाचं मशीन. आमच्या साहेबांच्या पत्नी, म्हणजे घरातल्या बाई, नुसतं 'ते कुठंय तुमचं?' असं विचारतात. नाव काहीही घ्या, आज बोलतोय तो मी. खरं तर मला तोंड नाही आणि एका दुपारी ते असायला हवं होतं, ही माझी खंत आहे.

माझे भाग एका कारखान्यात जुळले, पण मला आकार आला तो एका कानामुळे. कान तपासणाऱ्या बाईंनी साहेबांच्या कानात मऊ लगदा भरला, तो घट्ट झाल्यावर अलगद काढला आणि त्यावरून मला बेतलं. त्यामुळे साऱ्या जगात मी एकाच कानात नीट बसतो. नवरा-बायकोचंही एवढं जमत नाही म्हणे.

मी पहिल्यांदा कानात गेलो, त्या दिवशी साहेबांना स्वयंपाकघरातलं गुणगुणणं ऐकू आलं.

"तू गातेस?" त्यांनी चकित होऊन विचारलं.

"तुम्हाला कमी ऐकू यायला लागल्यापासून," बाई म्हणाल्या.

साहेब बँकेत कॅशियर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत ते कॅशियरसाहेबच. नोटेला नुसतं बोट लागलं की खरी का खोटी ते सांगायचे. कार्डाचा गुप्त आकडा त्यांनी बायकोलाही कधी सांगितला नाही. 'नियम म्हणजे नियम' म्हणत मशीनसमोर तिलाच मान फिरवायला लावायचे. शेजारपाजारच्यांना यावर चहा गार होईपर्यंत भाषणं ठोकायचे. तेव्हा मला त्यांचा केवढा अभिमान वाटायचा! आता ती भाषणं आठवली की कानकोंडं व्हायला होतं.

बाईंची पाठ सारखी धरायची. साहेबांना त्यांच्यासाठी पाठीला आधार देणारी खुर्ची घ्यायची होती, तीही गुपचूप. मोबाईलवर कुठल्याशा दुकानाच्या पानावर ती निम्म्या किमतीत दिसली. वर एक घड्याळ उलटं धावत होतं, सवलत संपत आली म्हणून. दुकानाचं नाव कधी ऐकलेलं नाही, पत्त्याचा पत्ता नाही. पण जन्मभर नोटा उजेडात धरून बघणाऱ्या माणसाला त्या पानावर काही शंका आली नाही. कार्डावरचे आकडे, मागचे तीनसुद्धा, भरून साहेब मोकळे झाले.

थोड्याच वेळात फोन वाजला. साहेबांनी तो स्पीकरवर टाकून माझ्याजवळ धरला.

"साहेब, तुमचं पेमेंट मध्येच अडकलंय बघा."

"असं कसं अडकेल? मी बँकेतलाच माणूस आहे."

"मग प्रश्नच मिटला! बाकीच्यांना समजावता समजावता घसा बसतो आमचा. आत्ता एक नंबर आला असेल तुम्हाला. तेवढा ताळा करून घेऊ या का?"

ताळा! किती वर्षांत त्यांच्याकडे कोणी ताळा मागितला नव्हता. साहेब खुर्चीत ताठ बसले, चष्मा लावला आणि जुन्या सवयीने मेसेज पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचायला लागले. "हा क्रमांक कोणालाही सांगू नका. बँकेच्या कर्मचाऱ्यालाही..." इथे ते अडखळले.

"ते सगळ्यांनाच पाठवतात हो," आवाज हसला. "तुमच्यासारख्यांना काय सांगायचं!"

साहेबही हसले. मग त्यांनी नंबर वाचला, एकेक आकडा सुटा करून, दोनदा.

तो आवाज मीच आत सोडला. नुसता सोडला नाही, आजूबाजूची खरखर काढून स्वच्छ करून सोडला. लबाडी गाळायची सोय माझ्यात नाही. तरी शरम वाटायची ती वाटतेच.

पैसे गेल्याचा मेसेज आला. खुर्चीच्या किमतीच्या कितीतरी पट गेले होते. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच वेळी बँकेला कळवून कार्ड बंद केलं असतं, तर बाकीचे तरी वाचले असते. त्या एका खात्यात दोघांच्या म्हातारपणाची सगळी पुंजी होती. पण कळवायचं म्हणजे नाव सांगायचं आणि त्या बँकेत त्यांचं नाव कोणाला ठाऊक नाही? साहेबांनी मला कानातून काढलं, डबीत घातलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मोबाईल पुन्हा वाजला. परत वाजला. मी डबीत तळमळत होतो. साहेबांपर्यंत काही पोचतच नव्हतं.

"अहो, मोबाईल सारखा वाजतोय तुमचा," बाई म्हणाल्या. साहेबांना ऐकू गेलं नाही, तेव्हा त्यांनीच तो उचलून आणखी पैसे गेल्याचे मेसेज वाचले. स्पीकरवरचं बोलणं स्वयंपाकघरात अर्धवट ऐकू आलं होतं, त्याचा अर्थ त्यांना आता लागला. मग डबी उघडली आणि मला साहेबांच्या कानात बसवलं, जरा दुखेल इतक्या जोरात.

"येतंय ऐकू?"

"येतंय."

"मला इतक्या वर्षांत आकडा सांगितला नाहीत, आणि त्याला एका फोनवर?"

"लाज वाटते गं मला. बँकेत काय तोंड दाखवू?"

"वाटू दे की लाज. लाज वाटत असताना फोन करता येत नाही का? कार्डाच्या मागे बँकेचा नंबर आहे ना, तोच लावा. मोबाईलवर शोधू नका, तिथेही कोणी टपून बसला असेल."

कार्ड बंद झालं. बरंचसं गेलं होतं, थोडं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तक्रार द्यायला बँकेत निघाले, तेव्हा बाईंनाच त्यांची दया आली. "सांगा ना, मशीन बिघडलं होतं, भलतंच काहीतरी ऐकू आलं. कोण बघायला येतंय?"

काउंटरवर साहेबांच्याच हाताखाली शिकलेली एक कर्मचारी होती. मला पाहिलं की लोक उगीच ओरडून बोलतात, तशी तीही ओरडली. "साहेब, नंबर तुम्ही स्वतः सांगितलात का?"

रांगेतली सगळी डोकी वळली. माझी बॅटरी तिथल्या तिथे संपली असती तर बरं, असं मला झालं. साहेबांचा हात माझ्याकडे आला. आता खापर माझ्यावर फुटणार, मी ओळखलं. फुटलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

त्यांनी मला फक्त नीट बसवलं.

"हो, मीच सांगितला," ते म्हणाले. "मशीन उत्तम आहे. सांगू नका असं लिहिलेलंही मीच वाचलं होतं."

कोणी हसलं नाही. मागून एक गृहस्थ जवळ आले आणि तोंडावर हात धरून पुटपुटले, "माझेही असेच गेलेत. घरी अजून माहीत नाही." ते इतकं हळू होतं, की मी नसतो तर साहेबांना कळलंच नसतं. साहेबांनी त्यांना हाताला धरून काउंटरशी आणलं.

आता मी जुना झालोय, मधूनच शिट्टी वाजवतो. साहेबांची भाषणं बंद झाली आहेत आणि गल्लीतून जाताना ते अजून मान खाली घालतात. खुर्ची यायची नव्हतीच. बाईंच्या पाठीला उशी लावून देतात. तुमच्या कानाशी कोणी असं गोड बोलून आकडा मागितला, तर सरळ फोन ठेवा. आणि सांगून बसला असाल, तर माझी विनवणी एवढीच आहे की माझ्यासारख्याला डबीत घालून भिंतीकडे तोंड करू नका. घरात हाक मारा.