दोघी जाऊ, दोघी येऊ

कांदा उपटायला घेतला की मान वर करायला फुरसत नसते. त्या दिवशी तर सकाळपासून आभाळ भरलेलं, वारा पडलेला आणि अंगाला नुसती चिकचिक. आमच्या बांधापलीकडच्या रानात दोघी जावा वाकून कामाला लागल्या होत्या. थोरली कांदा उपटून सरीवर टाकायची, धाकटी मागून पात कापत यायची. थोरलीला दिसायचं अगदी कमी. हाताला लागेल ते उपटायची. चुकून गवत हाती आलं की धाकटी म्हणायची, "बाई, ते गवत आहे. त्याला कोण विचारणार?"

"तुला तरी कोण विचारतंय?" म्हणत थोरली पुढं सरकायची.

या दोघी एकेकाळी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. बांधावरच्या एका झाडावरून भावाभावांत जुंपली होती. भाऊ पुढं थकले, पण बायकांनी ते भांडण नेटानं चालवलं. पाणी एकाच विहिरीवर भरायच्या, तोंडं मात्र दोन दिशांना. मग दीड वर्षाच्या अंतरानं दोघींचे नवरे गेले. धाकटीला मूलबाळ नव्हतं. त्यानंतर लगेच ती तापानं फणफणून पडली. दोन दिवस तिचं दार उघडलं नाही, तेव्हा थोरलीनं कडी उचकटली आणि आत गेली. तोंडातून शब्द न काढता आठवडाभर तिचं सगळं केलं. ताप उतरल्यावर धाकटी उठून बसली आणि म्हणाली, "एवढं केलंस, आता बोल तरी."

"काय बोलू? भांडी घासून ठेवलीत, ती उचल," थोरली म्हणाली.

तेव्हापासून एक चूल आणि एक रान. त्याला नऊ वर्षं झाली.

तर त्या दिवशी दुपारी थोरलीचा लेक गाडी घेऊन आला. शहरात कारखान्यात नोकरीला असतो. पोरगा वाईट नाही, आईवर जीव आहे त्याचा. महिन्यापूर्वी मला गाठून म्हणाला होता, "काका, तुम्ही समजवा तिला. डोळे पार गेल्यावर तिचं कोण बघणार?" मी हो म्हणालो होतो, पण थोरलीपुढं विषय काढायची माझी छाती झाली नव्हती.

तो बांधावरूनच म्हणाला, "आई, आवर. डॉक्टरांची उद्याची वेळ मिळाली आहे. रान वाट्यानं देऊन टाकू. तू आता तिकडंच राहायचं."

थोरलीनं मान वर केली नाही. "आभाळ कसं आहे रे?"

"काळं आहे."

"मग चपला काढ आणि कांदा उचल."

त्यानं चपला काढल्या. मी आणि माझी बायकोही पाट्या घेऊन पलीकडं गेलो. थोरली पाट्या भरत होती, आम्ही चौघं त्या घेऊन धावत होतो. लेकाचा इस्त्रीचा शर्ट मातीनं माखला. शेवटची पाटी छपरात आली आणि पत्र्यावर थेंब वाजायला लागले.

आम्ही धापा टाकत बसलो होतो. तेवढ्यात धाकटीनं खुंटीवरची पिशवी काढून लेकाच्या हातात दिली. "हिचे कपडे आहेत यात. गुडघ्याचं तेल आहे, ते चोळल्याशिवाय तिला झोप लागत नाही. चहात साखर कमी घाला. ती जास्त मागेल, देऊ नका."

थोरलीनं पिशवी चाचपली. "ही कधी भरलीस?"

"काल, याचा फोन आला तेव्हा."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर भरू दिली असतीस? काल जळत्या चुलीत हात घालत होतीस. मी किती मागं मागं फिरू?"

"कंटाळलीस म्हण."

"हो, कंटाळले," धाकटी म्हणाली. एकच रिकामं पोतं ती तिसऱ्यांदा घडी घालत होती.

थोरली लेकाकडं वळून म्हणाली, "खोटं बोलताना हिचा आवाज बारीक होतो. मला दिसत नसलं तरी ऐकू येतं. आता तू ऐक. डोळ्यांचं करायला मी येते. पण दोघी येऊ, आणि पट्टी सुटली की दोघी परत."

"आई, परत येऊन काय करणार? तूही थकणार, काकीही थकणार. पाच वर्षांनी काय?"

"पाच वर्षांनी ये आणि विचार. अकरा वर्षं मी हिचं तोंड बघितलं नाही. ती वर्षं तुझा डॉक्टर देईल का परत काढून? आता रोज उठल्याबरोबर हिची कटकट ऐकू येते. मला बरं वाटतं. ते सोडून पुढच्या भीतीनं मी तुझ्या खोलीत जाऊन बसू?"

"मी परका आहे का गं?" लेकानं विचारलं.

तिनं हात पुढं करून त्याचा दंड धरला. "परका असतास तर तुला मातीत उतरवलं असतं का? दर महिन्याला ये. पण न्यायला येऊ नकोस, भेटायला ये."

त्यानं पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाला, "काकी, तुझे कपडे कुठायत?"

"माझं काय काम तिथं? आणि शेळीला कोण बघणार?"

"भाऊजी बघतील," थोरली म्हणाली. मला विचारलं वगैरे काही नाही. मी मान डोलावली. मग तिला ती दिसणार नाही हे ध्यानात आलं, म्हणून मोठ्यानं "बघतो" म्हणालो.

बारा दिवसांनी परत आल्या. एका डोळ्याचं जमलं, दुसऱ्याला फार उशीर झाला होता. पट्टी सुटली तेव्हाचं लेकानंच मला सांगितलं. थोरली कितीतरी वेळ जावेकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तू बघत नव्हतीस तेव्हा," धाकटी म्हणाली. मग दोघी अशा हसत सुटल्या की नर्सबाईनं दटावलं.

आता लेक महिन्याला येतो. परवा आला तेव्हा दोघी वाटाणा पेरत होत्या. पुढं सरी ओढत थोरली होती, आणि धाकटी बी टाकत तिला वाकडी गेलीस म्हणून बोलत होती. लेक सरीच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

"किती दिवस आहेस?" थोरलीनं विचारलं.

"उद्या सकाळी निघतो."

"म्हणजे आज आहेस. धर हे बी."