संपात लिहिलेला भाग

लेखकांच्या संपाचा तेरावा दिवस उजाडला आणि हिंगणीतल्या बायका सुरभीला रस्त्यात गाठून जाब विचारू लागल्या. साडेसातच्या मालिकेत तेरा दिवस जुनेच भाग चालले होते. "आता सांगतो तुले, माह्या हातून काय पाप झालं ते," असं मालिकेतली सासू सुनेला म्हणाली, आणि तिथंच मुंबईतल्या लेखकांनी लेखण्या खाली ठेवल्या.

"काऊन वं सुरभी, काय पाप केलं तिनं? तुले त मालूम असन. तूच लिहितं ना?"

सुरभी मालिका लिहीत नव्हती, हे तिनं शंभरदा सांगितलं होतं. लिहीत मंजुषाताई, तिकडे मुंबईत. त्यांचे संवाद दुपारी फोनवर आले की सुरभी ते वऱ्हाडी करायची आणि स्वतःच्या आवाजात बोलून परत पाठवायची. नटनट्या ते ऐकून पाठ करायच्या. पण बोलणं सुरभीचं म्हणजे गोष्टही सुरभीचीच, यावर सगळ्या हिंगणीचं एकमत होतं, आणि एकमत झालेल्या गावाला समजावणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमत नाही.

संपाच्या आदल्या दिवशी मंजुषाताईंचा फोन आला होता. "आम्ही संपावर आहोत तोवर तूही काही पाठवू नकोस. बोली करून देणाऱ्यांचं नाव मालिकेच्या श्रेयांच्या पाटीवर यावं, ही मागणी मी भांडून यादीत घालून घेतलीय."

"नाही पाठवणार, ताई. शब्द देते," सुरभी म्हणाली होती.

आणि तेराव्या दिवशी सकाळी अकराला धनंजयचा फोन आला. हा निर्मात्याचा माणूस. आवाज मधाळ, पण आज त्यातही कापरं होतं. "मॅडम, दीडशे माणसं घरी बसलीत. लाइटवाले, मेकअपवाले, सगळे रोजावरचे. चॅनेल म्हणतं, या आठवड्यात नवा भाग नाही तर मालिका बंद. एकच भाग लिहा. तीन वाजेपर्यंत. कुणाला कळणार नाही." मग जरा थांबून म्हणाला, "खरं सांगू? हे तुम्हीच लिहू शकता."

लाइटवाल्यांची कणव तिला आली, नाही असं नाही. पण ती विरघळली त्या शेवटच्या वाक्यानं. मराठीत एम.ए. केल्यापासून हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून ती वाट बघत होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडाही बिचारा अशाच कुठल्यातरी कौतुकाला भुलला असेल.

ती लिहायला बसली आणि डोकं रिकामं. सासूनं पाप काय केलं? एक वाजला. दीड वाजला. आणि मग तिला एकच गोष्ट आठवू लागली, जी आठवायला नको होती.

ती गोष्ट तिच्या स्वतःच्या सासूची होती. गेल्या हिवाळ्यात सावंगीच्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी शकुबाई घाबरली होती. आपण यातून उठत नाही असं वाटून तिनं सुनेचा हात धरून सगळं सांगितलं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी शेतात निंदणी करणाऱ्या बायकांच्या टोळीनं काम बंद केलं होतं. मालक मजुरी वाढवून देईना, म्हणून अकरा जणींनी त्याच्या वावरात पाय ठेवायचा नाही असं ठरवलं. टोळीचा नियम साधा होता: जी एकटी जाईल तिला पुन्हा कुणी कामाला बोलवायचं नाही, हळदीकुंकवालाही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे शकुबाई एकटी गेली. तिच्या लहानग्या लेकाच्या, गोपालच्या, अंगात ताप होता, घरात औषधाची सोय नव्हती. तिच्या खुरप्याची मूठ निघालेली, म्हणून समोरच्या वच्छलाबाईच्या वळचणीतलं तिचं खुरपं घेतलं, आणि येताना घाईत ते वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, विसरली. खुरपं टोळीला सापडलं. वच्छलाबाईनं पोरांच्या शपथा घेतल्या, कुणी ऐकलं नाही. तिला टोळीतून काढलं. शकुबाई गप्प राहिली.

"मी मेल्यावर सांगजो," ती म्हणाली होती. "आधी नाई."

सुरभीनं नावं बदलली. तापातल्या मुलाची मुलगी केली. खुरपं मात्र तसंच राहिलं, कारण त्याच्याशिवाय प्रसंग उभा राहीना. मुंबई-पुण्याच्या लोकांना यातलं काय कळतंय, असा तिनं विचार केला. आपल्याच बैठकीत रोज साडेसातला कोण येऊन बसतं, हे त्या वेडीच्या डोक्यात आलंच नाही. तीन वाजता तिनं भाग पाठवला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

त्यानंतर चौथ्या दिवशी जाहिरात झळकली: आज नवा भाग. ती वाचली आणि सुरभीचं धाबं दणाणलं. सात वाजता ती टीव्हीमागे जाऊन वायर उपटून आली.

"केबल गेली वाटते आज," शेजारच्या बायका जमल्यावर ती म्हणाली.

"मंग माह्या घरी चाला," वच्छलाबाई उठत म्हणाली. आयुष्यभर टोळीबाहेर राहिलेली ही बाई माणसात बसायची ती फक्त इथं. शकुबाईनंच तिला रोज चहाला बोलवायची रीत पाडली होती. "चाल वं शकू, तेरा दिवसावर झाले."

आपल्या डोळ्यांआड काही व्हायला नको, म्हणून सुरभीनं मुकाट्यानं वायर जोडली.

मालिकेतली सासू रडत सांगू लागली. टोळी, बंद पडलेलं काम, तापलेलं लेकरू. "बाप्पा, आपल्या गावावानीच हाय," वच्छलाबाई कौतुकानं म्हणाली. शकुबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली. ती टीव्हीकडे बघत नव्हती, सुनेकडे बघत होती.  उठून टीव्ही बंद करावा असं सुरभीला वाटत होतं, पण ती उठली नाही.

पडद्यावरच्या बाईनं शेजारणीच्या वळचणीत हात घातला. खुरपं काढलं. पदराखाली धरून चालू लागली.

जाहिराती लागल्या. साबणाचं गाणं वाजत होतं.

"शकू," वच्छलाबाईनं विचारलं, अगदी हळू. "माह्यं खुरपं तू नेलतं?"

शकुबाई म्हणाली, "हो."

"मी त्याच दिवशी विचारलं होतं तुले. तू म्हनली, मले काय मालूम."

"हो वं बाई."

"अठ्ठावीस वर्सं तुह्या घरचा चहा पेली मी," वच्छलाबाई म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती भिंतीला धरून उठली, चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि निघून गेली. बाकीच्या बायकाही एकेक करून सटकल्या.

"मले मारून त लिहायचं होतं," शकुबाई सुनेला म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडू लागली.

तासाभरानंही ती मुसमुसतच होती, तेव्हा फोन वाजला. मंजुषाताई. सुरभीच्या हातून तो स्पीकरवरच उचलला गेला.

"आजचा भाग बघितलास? कुणीतरी फुटलं आपल्यातलं! आणि भाषा इतकी खरी, की मुंबईत बसून लिहिताच येणार नाही. आपली अपेक्षा आहे ना, नवी मुलगी, नागपूरची? तिनंच. रडतेय, शपथा घेतेय, पण कोण विश्वास ठेवणार? आत्ता बैठकीत तिला संघटनेतून काढायचं चाललंय. कुणीतरी तुझंही नाव घेतलं, पण मी भांडले. म्हटलं, सुरभीनं मला शब्द दिलाय."

सुरभीनं सासूकडे पाहिलं. शकुबाईचं रडणं थांबलं होतं. ती फोनकडे बघत होती आणि नकळत मान हलवत होती, नाही, नाही, अशी.

एकदा हं म्हटलं की झालं. मंजुषाताई राहतील, काम राहील, पाटीवर नावही येईल.

"हॅलो? सुरभी?"

मंजुषाताईंशी ती नेहमी जपून, शुद्ध बोलायची. आज तिला ते जमलं नाही.

"ताई, अपेक्षाले नका काढू," ती म्हणाली. "तिनं नाई लिहिलं. मी लिहिलं."

 फोन चालूच होता, आणि शकुबाईनं पुढे सरकून सुनेच्या मनगटाला घट्ट धरलं.